लाल बासनातली पोथी

“महाराज, हे... हे आपल्या हातात काय आहे?”

विश्वंभराच्या हातातलं फुलांचं तबक कलंडलं. देवघरातलं लाल बासन सुटून पाटावर पडलं होतं. ज्या पोथीचं बासन मठात कधी कुणी सोडलं नव्हतं, ती मांडीवर उघडी टाकून मुकुंदगिरी महाराज हसत होते. तेही कसे? पोट धरून, डोळे पुसत.

“कादंबरी आहे,” महाराज म्हणाले. “विनोदी.”

“का... कादंबरी?”

“फार जुनी. लिहिणाऱ्याचं नावही आता कुणाला ठाऊक नसेल. पण बेटा लिहितो काय!”

विश्वंभर मटकन खाली बसला. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली, आणि ती सरकणारच. या बासनाला तो रोज सकाळी हळदकुंकू वाहत आला होता, वरून भरपूर तीर्थ शिंपडत आला होता. आत आद्य गुरूंच्या हातचा ब्रह्मविद्येचा ग्रंथ आहे, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानेच ठरवलं होतं. मग त्या ग्रंथावर त्याने गावोगाव प्रवचनं झोडली. न वाचलेल्या पोथीचा अर्थ सांगण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

आणि उद्या तो मठाच्या गादीवर बसणार होता. मांजरा नदीकाठची सगळी गावं या पोथीच्या दर्शनाला लोटणार होती.

“हे इथे ठेवलं कुणी?”

“माझ्या गुरूंनी. जाताना म्हणाले, मुकुंदा, अगदीच कंटाळा आला की सोड.”

“आणि तो... आजच आला?”

“सकाळी तू उद्याचं भाषण म्हणून दाखवलंस ना.”

विश्वंभराचे कान तापले. बारा गावांत ज्याला लोक वाकून नमस्कार करत, त्याची ही किंमत!

“महाराज, लोकांना कळलं तर मठाची छी थू होईल. आणा इकडे. मी हे नदीत सोडून येतो.”

“ये की सोडून. पण अध्याय अर्धा टाकू नये म्हणतात. एवढा पुरा करून जा.”

नियम मोडवेना. विश्वंभराने पुस्तक हातात घेतलं, आणि दातओठ खात, पोथीच्याच चालीवर वाचायला लागला.

“‘पोफळेबुवांना रोज वैराग्य येई. ते जेवणानंतर येई आणि चहाच्या आत निघून जाई.’”

महाराज खुसखुसले. विश्वंभराने कपाळाला आठ्या घातल्या.

“‘बुवांनी क्रोध जिंकला होता. कुणी शंका काढली, की ते काठी घेऊन त्याच्या मागे धावत.’”

फिस्सकन आवाज झाला. विश्वंभराने दचकून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. आवाज त्याच्याच तोंडून निघाला होता...

तो हादरला. पण पान उलटलं.

मग पोथीची चाल सुटली. अध्याय संपला, दुसरा सुरू झाला, तोही संपला. दुपारची आरती राहून गेली. गुरू आणि शिष्य एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते. इतकं सुख या देवघरात त्याला कधी लाभलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटायचीही तो विसरला होता.

“‘शेवटी पोफळेबुवा गादीपुढे उभे राहिले. लोकांनी जयजयकार केला. बुवांनी पाय उचलला, आणि’”

आणि... पान उलटेना.

त्याने नख घातलं, फुंकर मारली. पुढची सगळी पानं एकमेकांना घट्ट चिकटून त्यांची ढेप झाली होती. पिवळी, लाल ढेप.

“कुणी केलं हे? कुठल्या गाढवाने केलं?” तो ओरडला.

विश्वंभराची नजर आपल्याच बोटांकडे गेली. सकाळची हळद अजून नखांत होती.

“महाराज... पुढे काय झालं? आपल्याला ठाऊक असेल. सांगा ना, पोफळेबुवांचं काय झालं?” तो अगदी रडकुंडीला आला.

महाराजांनी पाटावरचं लाल बासन उचललं, झटकलं आणि शालीसारखं त्याच्या खांद्यांवर घातलं.

“उद्या गादीवर बसतोय तो. बघू काय होतं.”