हुंकार तुटला!

"श्वास घेतलास!" रायाजीराव महाराज पलंगावर ताडकन उठून बसले. "आत्ता, बेडूक घोड्यावर बसतो तिथं! मी स्पष्ट ऐकला!"

"घेतला!" कोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मग काय, सरकारांना मेलेल्या बाईकडून गोष्ट ऐकायचीय?"

"हुकूम मोडलास! मुदपाकखान्यात वर्दी द्या! हिची बकरी आज रश्शात!"

दाराशी बांधलेली बकरी, मैना, "बेंऽऽ" करून ओरडली. रश्शाचं कळलं म्हणून नव्हे. बराच वेळ कुणी खायला दिलं नव्हतं म्हणून.

कोंडाबाईचं काम सोपं होतं. दुपारचं जेवण झालं की पिंपरणीच्या महाराजांना गोष्ट सांगून झोपवायचं. एवढा मिशीवाला राजा, पण गोष्टीशिवाय डोळा मिटत नसे. हसू नका, राजांचं असंच असतं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात महाराजांनी इंग्रजी शिकायला घेतलं. शिकवायला वझे मास्तर. गेल्या आठवड्यात महाराजांच्या हाती एक शब्द लागला, कंटिन्युअस. जिभेवर असा काही घोळला की प्रत्येक हुकमात तोच! पंखा कंटिन्युअस! चहा कंटिन्युअस! चहावाल्यानं मास्तरांना अर्थ विचारला आणि किटली जी तिरकी धरली ती धरलीच. गालिचा अजून वाळतोय.

आज हुकूम सुटला, "गोष्ट कंटिन्युअस!"

मास्तर घाबरत घाबरत म्हणाले होते, "सरकारांना कंटिन्युअल म्हणायचं असेल. कंटिन्युअस म्हणजे तेलाची धार, मध्ये फट नाही. कंटिन्युअल म्हणजे उचकी. येते, थांबते, पुन्हा येते. गोष्ट कशी, जरा थांबत, दम घेत..."

"म्हणजे मी चुकलो?"

मास्तर दोन पावलं मागं सरकले.

"राजा चुकत नसतो! शब्द तोच राहील, गोष्ट बदला! चारची तोफ होईपर्यंत तेलाची धार! फट पडली की बकरी रश्शात!"

बकरीच का? तर दसऱ्याला मैनेनं महाराजांच्या फेट्याचा शेमला खाल्ला होता, भर मिरवणुकीत. तो राग होता. आणि कोंडाबाईला घरी ना लेक, ना सून. आई मेलेलं ते पिल्लू तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं होतं. मैना गेली तर घरात "आले गं" म्हणायचं कुणाला?

"सरकार," बकरीवर आलेलं पाहून मास्तरांनी आता पुन्हा धीर केला, "माणसाला श्वास तर..."

"शब्दकोशात बघा! श्वासाची सूट लिहिलीय का?"

मास्तरांनी शब्दकोशाकडे हात नेला. कोश मैनेच्या तोंडात होता. सी अक्षर एव्हाना संपलं होतं.

"कोश राहू द्या," कोंडाबाई म्हणाली. पदर खोचला. "सांगते पुन्हा, एका दमात. पण गोष्टीची रीत सरकारांनी पाळायची. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारीनं थांबायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"रोज देतो की!"

"रोज मी थांबते, तुम्ही 'हूं' म्हणता, मी पुढं जाते. आज मी थांबायचं नाही. मग तुमचं 'हूं' बसवायचं कुठं?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "कुठं?"

"सगळीकडं! गोष्ट तेलाची धार, तर हुंकारही तेलाची धार! जो आधी तुटेल त्यानं गोष्ट मोडली. मंजूर?"

"हात्! विहिरीत माझ्याइतका वेळ बुडी मारणारा सबंध संस्थानात नाही! मंजूर!"

"एका तळ्यात एक बेडूक होता आणि त्याला वाटे आपण सरदार आहोत आणि म्हणून तो घोडा शोधायला निघाला आणि त्याला भेटली एक म्हैस आणि ती म्हणाली..."

"हूंऽऽऽऽऽऽ..."

महाराजांचा चेहरा आधी टोमॅटो झाला. मग बीट. मग वांगं! मिशीची टोकं थरथरली, डोळे बाहेर आले. पण पोटात श्रीखंडाच्या तीन वाट्या, तिथं हवेला जागा कुठून असणार! कोंडाबाईनं आयुष्यभर शेजारणींशी भांडण केलेलं, तिची म्हैस अजून बोलतच होती.

"हूंऽऽऽ... हप्!"

"हुंकार तुटला!" कोंडाबाई थांबली, आणि मग सावकाश, सगळ्यांना दिसेल असा भलामोठा श्वास घेतला. "गोष्ट सरकारांनी मोडली. आता रश्शात कोण जातंय?"

"पुन्हा! पुन्हा घ्या! हूं... हुक्! हूं... हुक्!"

महाराजांना उचकी लागली.

मास्तर भान विसरून उड्या मारू लागले. "हेच ते! सरकार, हेच ते कंटिन्युअल!"

"हुक्! गप्प बसा, हुक्! मास्तर!" महाराज ओरडले, मैनाही ओरडली, आणि दोघांचे सूर इतके जुळले की महाराज उशी पोटाशी धरून खो खो हसत सुटले. मध्येच उचकी, मध्येच हसू. "सोडा ती बकरी! राजबागेत मोकळी चरू दे! आणि कोंडाबाईला, हुक्, नारायणपेठी लुगडं द्या!"

"हुकमातला शब्द, सरकार?" मास्तरांनी विचारलं.

"बदला! मी कधीपासून म्हणतोय दोन्हींत फरक आहे!"

"सरकार म्हणत नव्हते..."

"म्हणत होतो!"

"नव्हते!"

"होतो! हुक्!"

कोंडाबाईनं मैनेची दोरी सोडली, उशी झटकून महाराजांच्या डोक्याखाली सरकवली आणि दोघांवरही डोळे वटारले. "पडा आता सरकार! गोष्ट मी कंटिन्युअल सांगते, हुंकार मास्तर देतील, झोप तेवढी तुम्ही कंटिन्युअस घ्या!"