नव्या तळ्याचं पाणी

आमदार वत्सलाताई स्वतःच सांगायच्या, की विधानसभेत हात वर करणं एवढाच आपला व्यायाम. नव्या राजधानीसाठी ठकूमावशी जिथे शिंगाडे लावायची ते गावचं तळं बुजवायचं आणि बदल्यात माळावर नवं तळं द्यायचं, या ठरावालाही त्यांनी न वाचताच हात वर केला होता.

निम्मं तळं बुजल्यावर वत्सलाताई आणि इतर आमदारांची समिती मंत्र्यांना घेऊन गावात आली. ऊन मी म्हणत होतं.

"नवं तळं तयार आहे. आता रडगाणं पुरे," मंत्री म्हणाले.

ठकूमावशीनं रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे गूळ ठेवला, पेले मांडले. मंत्र्यांनी गूळ तोंडात टाकून पेला उचलला, तर तो कोरडा.

"मावशी, पाणी?"

"तुमच्या नव्या तळ्यातूनच भरून आणलंय, साहेब."

मंत्र्यांनी पेला खाली ठेवला आणि भराव थांबवायला सांगितलं. पण मावशीचे शिंगाडे बुजलेल्या निम्म्यात होते. ते आता मुरुमाखाली गेले होते.

निघताना वत्सलाताईंचा घसा सुकला. "मावशी, मला तरी जुन्या तळ्यातलं घोटभर द्या."

मावशीनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तुमचाही हात वर होता ना, ताई? गूळ घ्या अजून."