बार्बूचा शब्द

जुन्या काळी पॅरिसच्या एका ऑपेरात टाळ्यासुद्धा ठरवून वाजत. बार्बू नावाचा मुकादम आपली चाळीस माणसं प्रेक्षकांत पेरी, आणि ती टाळ्या वाजवू लागली की मगच बाकीचे वाजवत. म्हणून प्रत्येक गायिका खेळाआधी त्याच्या खोलीत जाऊन, टाळी कुठे हवी ते अदबीनं सांगे. सिदोनी वेर्ने मात्र वीस वर्षांत एकदाही गेली नाही.

आता तिनं पंचेचाळिशी ओलांडली होती. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे संचालक आजच्या खेळावरून ठरवणार होते. बार्बूनं तिला जिन्यातच गाठलं.

"बाईसाहेब, आज शेवटच्या गाण्याला माझा एकही माणूस हात हलवणार नाही."

"नक्की?"

"शब्द देतो."

सिदोनी वळून रंगमंचाकडे गेली. शेवटचं गाणं म्हणजे अंगाई होती. ती तिनं जीव ओतून गायली, मांडीवरचं लाकडी बाळ हलकेच पाळण्यात ठेवलं आणि प्रेक्षकांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. सारं थिएटर श्वास रोखून बसलं. पडदा त्या शांततेतच खाली आला.

संचालक डोळे पुसत आत आले. "पुढच्या वर्षी तुम्हीच हव्यात. पण इतक्या माणसांना गप्प बसवलंत कसं?"

मागोमाग आलेल्या बार्बूकडे पाहून सिदोनीनं मान लववली.

"सगळ्यांचं माहीत नाही. चाळीस जणांची हमी यांनी आधीच दिली होती."