शाई तेवढीच, हरताळ चौपट

एका संस्थानाच्या ग्रंथशाळेत सात शास्त्री औषधींचा मोठा कोश रचत होते. दिवाण भगवंतराव पडले भारी उत्साही. "पहाटेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत उठायचं नाही, कोश निम्म्या काळात व्हायला हवा," असा त्यांनी हुकूम सोडला. दोन महिन्यांत वामदेवशास्त्र्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचू लागली. "दिवस मावळला की पोथी मिटू द्या," असं ते म्हणाले, तर दिवाण कडाडले, "मग उद्यापासून येऊच नका!"

ही गोष्ट गुणधरशेठच्या कानी गेली. ग्रंथशाळेला शाई पुरवायचे ते शेठच, आणि चुकलेल्या अक्षरावर फासायचा पिवळा हरताळही त्यांचाच. पेढ्यांचा पुडा घेऊन शेठ थेट कचेरीत हजर झाले.

"हे कशाबद्दल, शेठ?"

"आपले उपकार, सरकार! आपण कामाच्या घटका वाढवल्या आणि माझा धंदा फळफळला."

दिवाण खुलले. "शाई दुप्पट खपत असेल!"

"शाई पूर्वीएवढीच खपते, हरताळ मात्र चौपट जातो. अजून चार घटका वाढवा, म्हणजे शाई ठेवायचंच सोडून देतो!"

दिवाणांचा पेढा हातातच राहिला. त्यांनी कालची पानं मागवली, तर ती हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळीधमक.

त्या दिवसापासून सूर्यास्ताला पोथ्या मिटू लागल्या, आणि वामदेवशास्त्री मानाने परत आले.

"शेठ, हरताळाचं गिऱ्हाईक स्वतःच तोडलंत की!" दिवाण हसत म्हणाले.

"शाईचं जगलं ना, सरकार," असं म्हणत शेठनी उरलेला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.