फडताळाखालचा पोपट

कुंभेखोलच्या मेस्त्रीवाडीत कुणाच्याही घरी गेलात, तर बसल्या जागेखाली हात घालून पाहा. चौरंगाखाली चार ठिपके लागतील, पाटाखाली पान, माचेखाली, म्हणजे लाकडी पलंगाखाली, कैरी. भिंतीतल्या फडताळाच्या खालच्या फळीला पोपट. वरून काहीच दिसत नाही. पाहुणे याला नक्षी समजतात आणि उलट्या बाजूला कशाला कोरली म्हणून हसतात. हसू द्यावं.

असं सांगतात, की फार पूर्वी आवडी या वाडीत सून म्हणून आली आणि वर्षाच्या आत देवी येऊन तिचे डोळे गेले. घर अजून पुरतं ओळखीचंही झालं नव्हतं. दिवा लावायला उठायची ती माचेवर आदळायची. सासू भागीरथी कडक बाई. तिने व्याह्याला निरोप धाडला, लेकीला घेऊन जा. परत गेलेली पोर जन्मभर परत गेलेलीच राहते, हे आवडीला ठाऊक होतं.

तिचा बाप बाबणी मेस्त्री गाडी न आणता हत्यारांची पेटी घेऊन आला म्हणे. त्याने आठ दिवस मागून घेतले.

“माज्या सामानाक पटाशी लावची नाय,” भागीरथी म्हणाली.

“दिसाचा नाय, विहीणबाई. हाताक लागात तेवढाच.”

तो एकेक खूण कोरी, लेकीचा हात तिथे नेई आणि नाव घेई. दोन दिवस ती पाटाला चौरंगच म्हणत राहिली. बाप पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आठव्या दिवशी तिन्हीसांजेला तिने फडताळातून वात काढली, देव्हाऱ्याखाली कोरलेली घंटा चाचपली आणि दिवा लावला. भागीरथी बघत होती. तिने व्याह्याला वाटेची शिदोरी बांधून दिली, आणि बाबणी एकटाच परत गेला.

पुढे बरीच वर्षं गेली. भागीरथीच्या डोळ्यांत सारा पडला, दिसेनासं झालं. एका दुपारी ती स्वतःच्याच घरात चुकली आणि भिंतीला धरून उभी राहिली. आवडीने तिचा हात धरला आणि फळीखाली टेकवला.

“आये, ह्यो पोपट. ह्या फडताळ.”

म्हातारीची बोटं बराच वेळ पोपटावरून फिरत राहिली. “मी तुका घराभायर काढूक निघाललंय गो,” ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून रडली.

आजही कुंभेखोलात लग्नाला पाच दिवस झाले, की सासू डोळे मिटते. नवी सून तिला घरभर फिरवते, एकेका खुणेवर तिचा हात ठेवते आणि नाव घेते. आता सोफे आले, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या; त्यांनाही खालून तापल्या खिळ्याने खूण करतात. सून शेवटचं नाव घेईपर्यंत सासूने डोळे उघडायचे नसतात.