मुंगी कुठे मेली?

एक होती मुंगी. एवढीश्शी. नाव तिचं कणी.

कणीला मिळाला साखरेचा दाणा. दाणा घेऊन ती निघाली वारुळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात छोटी जाई आली धावत. पाय घसरला आणि... धप्प! बसली ती नेमकी दाण्यावर.

जाईने भोकाड पसरलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "उगी उगी! काही नाही झालं. मुंगी मेली बघ!"

"अगंबाई! मी कुठे मेले? मी ही काय इथे!" कणी म्हणाली. "पण माझा दाणा! जाई, जाई, ऊठ ना."

जाई म्हणाली, "आई उचलेल, तेव्हाच उठेन."

कणी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई,
जाई उठेना,
दाणा सुटेना,
वारुळात बाळं भुकेली!"

आई म्हणाली, "खीर खाली लागेल गं. आजोबा ढवळतील, तेव्हाच येईन."

कणी गेली आजोबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा,
आई येईना,
जाई उठेना,
दाणा सुटेना,
वारुळात बाळं भुकेली!"

आजोबा म्हणाले, "चष्म्याशिवाय मला पातेलं दिसत नाही. चष्मा आहे मनीमाऊच्या पोटाखाली. हात लावला की बोचकारते! ती हलेल, तेव्हाच ढवळेन."

कणी गेली मनीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मनी, मनी,
आजोबा ढवळेनात,
आई येईना,
जाई उठेना,
दाणा सुटेना,
वारुळात बाळं भुकेली!"

मनी म्हणाली, "गुर्रर्र. जाई गोंजारेल, तेव्हाच हलेन."

आता आली का पंचाईत! कणी बिचारी दमली. तरी गेली परत जाईकडे. तुरु... तुरु...

"जाई, जाई,
मनी हलेना,
आजोबा ढवळेनात,
आई येईना,
जाई उठेना,
दाणा सुटेना,
वारुळात बाळं भुकेली!"

जाईने डोळे पुसले.

"जाई उठेना? जाई म्हणजे... मीच की!"

तिने वाकून पाहिलं. "मुंगी, तू मेली नाहीस?"

"नाही गं. पण बाळं भुकेली आहेत."

"भूक लागली की मी पण रडते," जाई म्हणाली. तिला मुंगीची फार फार माया आली.

तिने दोन्ही हात जमिनीला टेकले. ढुंगण वर केलं. हुश्श! जाई उठली. एकटी उठली!

जाई उठली, दाणा सुटला.
जाईने गोंजारलं, मनी हलली.
मनी हलली, चष्मा मिळाला.
आजोबांनी खीर ढवळली, आई आली धावत.

पाहते तर काय, जाई उभी! आईने तिला उचललं आणि घट्ट घट्ट धरलं.

कणी निघाली दाणा घेऊन. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुसऱ्या दिवशी जाई पुन्हा पडली. धप्प!

आई म्हणाली, "उगी उगी! मुंगी..."

"नाही मेली!" जाई म्हणाली. आपली आपण उठली. आणि आधी खाली पाहिलं, कुणाचा दाणा तर नाही ना?

बाळं जेवली वारुळात, खीर जाईच्या पोटात, गोष्ट तुमच्या कानात!