विद्वांस सरांची मांडणी
त्या दिवसांची आठवण निघाली की मृणाल केळुसकर अजून हसते. ती काम करत असलेल्या प्रकल्पातली, एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, हजारभर तांत्रिक टिपणं तेव्हा अस्ताव्यस्त पडली होती. नवे लोक शोधून शोधून कंटाळायचे आणि प्रकल्पच सोडून जायचे. मृणालनं टिपणं विषयवार लावायला घेतली, तर प्रकल्पप्रमुख विद्वांस सर भर बैठकीत कडाडले, "माझ्या मांडणीला हात लावायचा नाही! मला हवं ते पान डोळे मिटून सापडतं."

"तीच तर अडचण आहे, सर," मृणाल म्हणाली. "डोळे उघडे ठेवून शोधणाऱ्याला एकही सापडत नाही."

बैठकीत हशा पिकला. सर स्वतःही हसले. "लाव बाई, तुझ्या मनासारखं लाव."

सरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. नव्या मांडणीत सर्वांत आधी त्यांनीच लिहिलेलं टिपण उघडतं. त्यातला एकही शब्द मृणालनं कुणाला बदलू दिलेला नाही.